बेंबीखालचं अग्निप्रदीपन

आमच्या भागात दसऱ्याच्या आसपास वर्तमानपत्रात एक फोटो हमखास येतो. साखर कारखान्याचे अध्यक्ष सपत्नीक बॉयलरच्या तोंडाशी उभे, हातात पेटता टेंभा, मागे घामाघूम संचालक मंडळ, आणि खाली ओळ : 'बॉयलर अग्निप्रदीपन समारंभ उत्साहात संपन्न'. त्या फोटोच्या अगदी कडेला खाकी कपड्यातला एक माणूस अर्धा कापला गेलेला असतो. तो मी. अध्यक्ष बदलत गेले, पक्ष बदलत गेले, मी कायम अर्धाच राहिलो.

बॉयलरवरच्या एवढ्या नोकरीनंतर माणसाला दोन गोष्टी मिळतात. एक रक्तदाब, आणि दुसरी म्हणजे जगात जिथे जिथे आग आणि पाणी यांचा संबंध येतो तिथे आपल्याला विचारल्याशिवाय काही होऊ नये, अशी ठाम समजूत. निवृत्तीनंतर मी बायकोला चहाला पाणी किती आचेवर ठेवावं हे सांगू लागलो. तिने चार दिवस ऐकून घेतलं आणि पाचव्या दिवशी मला वाचनालयाचा सभासद केलं.

वाचनालयातून मी रद्दीवाल्याकडे घसरलो आणि तिथे 'द सीक्रेट ऑफ द गोल्डन फ्लॉवर' नावाचं एक जीर्ण पुस्तक हाती लागलं. रिखार्ड विल्हेल्म या जर्मन पंडिताने मूळ चिनी ग्रंथ 1929 मध्ये जर्मनमध्ये आणला, त्याला कार्ल युंगने लांबलचक भाष्य जोडलं, आणि माझ्या हातात होती ती त्याची इंग्रजी आवृत्ती. युंगचं भाष्य मी सोडून दिलं, कारण त्यात बॉयलर नव्हता. पण मूळ ग्रंथाचा माग काढत गेलो तसा एक अख्खा विषय उलगडत गेला. नाव नेइदान. चीनच्या ताओ पंथातली शरीराच्या आतली किमया. भट्टी आत, मूस आत, औषध आत, आणि तयार होणारा माल म्हणजे अमरत्व.

आणि मग ते वाक्य आलं, ज्याने माझा घात केला. सर्वसाधारण माणसात म्हणे आग वर असते, हृदयात, आणि पाणी खाली, मूत्रपिंडात. आग वर वर जाते, पाणी खाली खाली गळतं, दोघांची गाठ पडत नाही आणि माणूस हळूहळू संपतो. साधकाने हे उलटं करायचं असतं. आग खाली आणायची, पाणी वर न्यायचं. मग पाणी तापतं, त्याची वाफ होते आणि ती पाठीच्या कण्यातून चढते.

मी पुस्तक मिटलं. आग खाली, पाणी वर, वाफ पाइपातून. ज्या विषयात चिनी लोकांनी डोंगरात आयुष्यं घालवली त्या विषयात मी बी.ओ.ई.ची, म्हणजे बॉयलर ऑपरेशन इंजिनिअरची, परीक्षा पास झालेला होतो.

"अहो, पण आपला गीझर गळतोय तो दिवाळीपासून," बायको म्हणाली.

मी तिला गीझर आणि बॉयलर यांतला फरक समजावून सांगितला. तिने प्लंबरला फोन लावला. मी चीनच्या व्हिसाचा अर्ज भरायला घेतला.

*

वूदांग हा हूबेइ प्रांतातला डोंगर. सर्वांत उंच शिखर 1612 मीटर, म्हणजे आमच्या कळसूबाईच्या बरोबरीचं. पण कळसूबाईवर एक चिमुकलं देऊळ आहे आणि इथे शिखरावर सोन्याचा मुलामा दिलेला अख्खा कांस्य मंडप आहे. तो 1416 मधला, मिंग घराण्यातल्या योंगल सम्राटाने उभारून घेतलेला. डोंगरभर ताओ मंदिरं आणि मठ आहेत, 1994 पासून जागतिक वारशाच्या यादीत नाव आहे, आणि पायथ्याला व उतारांवर परदेशी लोकांना ताइची, कुंगफू आणि ध्यान शिकवणाऱ्या शाळा आहेत. त्यांतल्या एकीत मी पैसे भरून दाखल झालो. शाळेचं नाव सांगत नाही. त्यांची काही चूक नव्हती.

आमचे शिफू, म्हणजे गुरुजी, माझ्या मुलापेक्षा लहान निघाले. निळा झगा, पोटऱ्यांना पांढऱ्या पट्ट्या, डोक्यावर बुचडा आणि त्यात आडवी लाकडी काडी. मला पांढऱ्या दाढीचा माणूस अपेक्षित होता. अमरत्व शिकवणाऱ्याने निदान म्हातारं तरी असावं, नाहीतर खात्री कशी पटायची? भाषांतराला एक कॉलेजातली मुलगी होती. बरोबर एक जर्मन बाई, एक ब्राझीलचा पोरगा आणि एक सदैव सर्दी झालेला फ्रेंच गृहस्थ.

शिफूंनी प्रत्येकाला विचारलं, कशासाठी आलात. जर्मन बाई म्हणाली, शांततेसाठी. ब्राझीलचा पोरगा म्हणाला, कुंगफूसाठी. मी म्हणालो, "माझा या क्षेत्रात अनुभव आहे."

ती मुलगी थोडा वेळ थांबली आणि मग तिने जे काही चिनीत सांगितलं ते माझ्या वाक्यापेक्षा बरंच लांब होतं. शिफूंनी माझ्याकडे नीट पाहिलं. "ते म्हणतात," ती म्हणाली, "आधी नीट झोप काढा."

*

विषय सांगतो, म्हणजे माझा मूर्खपणा नेमका कुठे बसतो ते कळेल.

या किमयेची सुरुवात पोटात झाली नाही, खऱ्याखुऱ्या भट्टीत झाली. हिंगूळ हा लाल दगड तापवला की त्यातून चकचकीत पारा निघतो, आणि त्याच पाऱ्याची गंधकाशी पुन्हा गाठ घातली की परत लाल हिंगूळ करता येतो. लाल मरतं, चांदीसारखं होतं, पुन्हा लाल होऊन उठतं. हे पाहून कुणाचीही मती गुंग व्हावी. चौथ्या शतकातला क हूंग हा मोठा विद्वान. त्याने लिहून ठेवलं की झाडपाल्याच्या औषधांनी आयुष्य वाढेल, पण अमर व्हायचं तर हिंगूळ आणि सोनंच हवं. मग राजेलोक ते खाऊ लागले. तांग घराण्याच्या काळात असल्या गुटिका खाऊन एकापेक्षा जास्त सम्राट खंगले आणि गेले. वूत्सुंग 846 मध्ये गेला, त्याच्यानंतरचा श्वेनत्सुंग 859 मध्ये. पारा अमर होता, खाणारा नव्हता.

यात आपला हात नव्हता असं समजू नका. 648 मध्ये एक चिनी राजदूत भारतातून एका ब्राह्मणाला चांगआन या राजधानीला घेऊन गेला. त्याचं नाव नारायणस्वामी असावं असं चिनी अक्षरांवरून लावतात. वय किती विचारलं तर म्हणाला, दोनशे वर्षं. ताइत्सुंग सम्राटाने त्याला राहायला जागा दिली, औषध करायला सामान दिलं. औषध झालं, पण लागू पडलं नाही आणि 649 मध्ये सम्राट गेला. हा प्रसंग मी जर्मन बाईला मोठ्या अभिमानाने सांगितला. सांगून झाल्यावर लक्षात आलं की यात अभिमानाचं काही नाही.

तांगच्या अखेरीपासून पुढे सुंग काळात ही सगळी प्रयोगशाळा हळूहळू माणसाच्या आत हलली. केवळ विषबाधा हेच काही कारण नव्हतं. बौद्ध ध्यानाचा वारा होता, विश्वरचनेचं जुनं शास्त्र होतं. पण बाहेरच्या भट्टीवरचा भरवसा उडाला एवढं खरं. शब्द मात्र तेच ठेवले : शिसं, पारा, भट्टी, मूस, आच. चांग पोत्वान याने 1075 च्या सुमारास 'वूचन प्येन' हा पद्यग्रंथ लिहिला, तो या पंथाचा कणा. त्यातलं शिसं खाणीतलं नव्हे आणि पारा दुकानातला नव्हे, हे तो बजावून सांगतो. म्हणजे ज्यांनी ग्रंथ शब्दशः घेतले ते मेले आणि ज्यांनी घेतले नाहीत त्यांनी नवी विद्या काढली. एवढा मोठा इशारा हजार वर्षं समोर टांगलेला असताना मी दप्तरात बॉयलरच्या गेज ग्लासची आकृती घेऊन गेलो होतो.

आतली योजना अशी. शरीरात तीन द्रव्यं : चिंग, छी आणि शन. चिंग म्हणजे जीवनाचं बीज (याचा प्राथमिक अर्थ सांगताना ती मुलगी खिडकीबाहेर बघत होती), छी म्हणजे प्राण, शन म्हणजे चैतन्य. शरीरात तीन दानत्येन, म्हणजे किमयेची शेतं : बेंबीखाली, छातीत आणि भुवयांच्या मागे. चिंग शिजवून छी करायचं, छी शिजवून शन, आणि शन शून्यात मिळवायचं. त्यासाठी कण्यातून वर आणि छातीपोटावरून खाली असा फेरा चालू करायचा. कण्यात तीन नाकी आहेत : माकडहाडाशी, दोन खवाट्यांच्या मध्ये आणि मानेच्या वर. जीभ टाळूला लावायची, कारण वरचा रस्ता आणि खालचा रस्ता तिथे तुटलेला असतो, तो पूल. तोंडात जमणारी लाळ थुंकायची नाही, ती अमृत, ती गिळायची.

आणि मुदत? आधी शंभर दिवस पाया घालायचा. मग दहा महिने आत एक गर्भ वाढवायचा, तीन वर्षं त्याला दूध पाजायचं आणि नऊ वर्षं भिंतीकडे तोंड करून बसायचं. मी वहीत बेरीज केली. तेरा वर्षं एक महिना, हंगाम आणि ऑफ-सीझन धरून. निवृत्तिवेतनात बसत होतं.

गर्भाचं ऐकून ब्राझीलच्या पोराने माझ्या पोटाकडे बघितलं आणि माझं अभिनंदन केलं.

*

सभागृहाच्या भिंतीवर एक तक्ता होता. बीजिंगच्या पायुन क्वान या मठात 1886 मध्ये कोरलेली एक शिळा आहे, तिचा तो ठसा. 'नेइचिंग तू' म्हणतात. बसलेल्या माणसाचं शरीर बाजूने दाखवलंय, पण आत हाडंमांस नाही, मुलूख आहे. डोक्याच्या जागी डोंगर. पोटात एक शेतकरी बैलाने नांगरतोय. मूत्रपिंडापाशी एक मुलगी चरख्यावर बसलीय. हृदयात एक पोरगा चांदण्या ओवतोय. आणि सगळ्यांत खाली, माकडहाडाच्या जागी, एक मुलगा आणि एक मुलगी पायरहाट चालवून पाणी उलटं, वर चढवतायत.

मी त्या रहाटापाशी अर्धा तास उभा होतो. फीड वॉटर पंप! एकाला दोन माणसं, म्हणजे एक स्टँडबाय. कुणीतरी जाणकाराने काढलेलं चित्र होतं.

मग वर नजर गेली. डोक्यात दोन जण आहेत. एक म्हातारा बसलेला, तो लाओत्स. त्याच्या खाली दोन्ही हात वर करून आभाळ तोलणारा एक परदेशी भिक्षू, तो बोधिधर्म असं मानतात. म्हणजे परंपरेनुसार आपल्या दक्षिणेतून गेलेला माणूस. भिंतीकडे तोंड करून नऊ वर्षं बसण्याची टूमही त्याचीच. हे समजल्यावर माझ्यातला मराठी माणूस जागा झाला आणि मी शिफूंना अडवलं. सांगितलं की हे सगळं आमच्याकडे आहे. 1290 मध्ये ज्ञानेश्वरांनी सहाव्या अध्यायात कुंडलिनी कशी उठते, काय काय गिळते, शरीराचं कसं सोनं होतं ते साद्यंत सांगितलंय. शिवाय आमच्याकडे चौदाशे वर्षं जगलेले चांगदेव होते, ते वाघावर बसून फिरत.

शिफू अतिशय आस्थेने ऐकत होते. "मग पुढे काय झालं?"

"ज्ञानेश्वर भावंडांसकट भिंतीवर बसून सामोरे आले. भिंत चालली. चांगदेव शरण गेले."

ही गोष्ट त्यांना फारच आवडली. चीनमध्ये भिंतीकडे बघत नऊ वर्षं बसतात आणि आमच्याकडे पोरं तिच्यावर बसून निघतात, याचं त्यांना हसू आवरेना. मग डोळे पुसत त्यांनी विचारलं, "तो सहावा अध्याय तुम्ही करता का?"

मी म्हणालो, आमच्याकडे पारायण करतात.

*

सकाळी पाचला उठायचं. डोंगरावर धुकं असं की समोरची पायरी पायाने शोधावी लागे. मांडी घालून बसायचं, डोळे अर्धवट, जीभ टाळूला, लक्ष बेंबीखाली. सूचना एवढीच : तिथलं विसरायचं नाही आणि तिथे मदतही करायची नाही. यावर मंग्त्स (मेन्शियस) या जुन्या तत्त्वज्ञाची गोष्ट शिफूंनी सांगितली. सुंग राज्यातल्या एका शेतकऱ्याला रोपं हळू वाढतायत असं वाटलं, म्हणून त्याने दिवसभर राबून एकेक रोप थोडंथोडं वर ओढलं आणि संध्याकाळी घरी येऊन सांगितलं, आज फार दमलो, रोपांना वाढायला मदत केली. मुलगा धावत शेतावर गेला तर सगळी सुकलेली.

मी हसलो. शेतकरी लोक असंच करतात, म्हणालो. आमच्याकडचे ऊसवालेही ऐकत नाहीत.

मग मी मदतीला लागलो. माझं साधं गणित होतं : आग पेटायची तर वारा लागतो. कारखान्यात एक पंखा हवा आत ढकलतो, एक धूर बाहेर ओढतो. ग्रंथांतही श्वासाला भट्टीचा वारा म्हटलंय. तेव्हा मी नाकाने दणकून हवा आत घ्यायचो, पोट आवळायचो, श्वास कोंडायचो आणि माकडहाडाला वर खेचायचो. फ्रेंच गृहस्थाने जागा बदलून मागितली.

आचेचेही दोन प्रकार असतात. वन आणि वू. पहिली मंद, विद्वानासारखी. दुसरी प्रखर, लढवय्यासारखी. कधी कुठली आणि किती वेळ, हीच या विद्येची खरी गुरुकिल्ली, आणि नेमकी तीच ग्रंथांत उघड सांगत नाहीत. औषधाची कृती देतात, आच देत नाहीत. ती गुरूच्या तोंडून घ्यायची. हे ऐकून मी हादरलो. इतकी शतकं प्लांट चालवतायत आणि लॉगशीट नाही?

मी ती सुरू केली. वहीत रकाने आखले : वेळ, दाब, तापमान, पाण्याची पातळी, शेरा. दाब डिजिटल यंत्रावर मोजायचो, ते बायकोने बॅगेत घातलंच होतं. तापमान अंदाजे. पाण्याची पातळी कुठे बघायची हे न कळल्याने त्या रकान्यात रोज 'दिसत नाही' असं यायचं. शेरे असे : 'डाव्या खवाट्याखाली मुंग्या. प्रगती?' 'पहिल्या नाक्यावर उष्णता. बहुधा उशी.' 'पोटात पाण्याचा खळखळाट. रहाट सुरू झाला.'

हा खळखळाट ऐकायला मी शिफूंना मुद्दाम बोलावलं. त्यांनी कान लावला, मुलीशी दोन शब्द बोलले. "रात्री मुळा किती खाल्लात, विचारतायत."

एका सकाळी ती वही त्यांच्या हाती पडली. त्यांनी पानं सावकाश उलटली, रकान्यांवरून बोट फिरवलं, शेरे वाचून घेतले. मला वाटलं, आता शाबासकी. त्यांनी एवढंच विचारलं की तुम्ही बसलेले असता, तेव्हा हे लिहीत कोण असतं? मी म्हणालो, मीच. त्यांनी मान डोलावली आणि वही परत दिली.

रात्री बायकोशी बोलणं व्हायचं. चीनमध्ये व्हॉट्सॲप चालत नाही म्हणून तिने खास वीचॅट घेतलं होतं. बायकांसाठी यात काही नाही का, असं तिने विचारलं. आहे, म्हटलं, ताओ पंथाच्या उत्तरेकडच्या छ्वेनचन शाखेचे जे सात मोठे सिद्ध मानतात त्यांत सुन पुअर नावाची बाई आहे. बाराव्या शतकातली. नवरा मा यू आधी घर सोडून गुरूच्या मागे गेला, मग पुढे ती निघाली आणि सिद्ध झाली.

"म्हणजे आधी नवरा गेला, मग तिची प्रगती झाली," बायको म्हणाली. "तुमचा कोर्स वाढवून मिळतो का बघा."

*

खरी आपत्ती आली ती तीन किड्यांमुळे.

जुनी ताओ समजूत अशी की माणसाच्या शरीरात तीन प्रेतं किंवा कीटक राहतात : एक डोक्यात, एक छातीत, एक पोटात. आपण मेलो की ते मोकळे होतात, म्हणून आपण लवकर मरावं ही त्यांची इच्छा. दर साठ दिवसांनी कंगशन नावाची तिथी येते. त्या रात्री आपण झोपलो की हे वर जाऊन आपल्या पापांचा अहवाल देतात आणि आपलं आयुष्य कापलं जातं. उपाय दोन. त्या रात्री जागायचं, म्हणजे त्यांना निघता येत नाही. आणि धान्य सोडायचं, कारण त्यांचं खाणं धान्य.

गोपनीय अहवालाने माझं एक प्रमोशन नोकरीत असताना गेलं होतं. त्यामुळे ही व्यवस्था मला तत्काळ पटली. शिफू सांगत होते की ही फार जुनी समजूत, आपल्या अभ्यासात तिची गरज नाही. पण वरिष्ठ 'गरज नाही' म्हणतात तेव्हाच कागद हलवलेला असतो, हा माझा अनुभव.

धान्य बंद केलं. सकाळची तांदळाची पेज, दुपारचा भात, वाफेवरचा मांथोऊ पाव, सगळं परत पाठवलं. शेंगदाणे, लाल खजुरासारखी चिनी बोरं आणि गरम पाणी. रक्तदाबाच्या गोळ्या मात्र चालू ठेवल्या, कारण त्या धान्य नव्हेत. रात्री जागून किड्यांवर पाळत ठेवली. पहाटे केव्हा डोळा लागला कळलं नाही. अहवाल बहुधा गेला.

आणि त्याच सुमारास सगळ्यांनी पायी शिखरावर जायचं ठरलं. रोपवे आहे, पण जुनी दगडी वाट तीन स्वर्गद्वारांतून जाते : पहिलं, दुसरं, तिसरं. कण्यात तीन नाकी आणि डोंगराला तीन दरवाजे! हा योगायोग असूच शकत नाही, असं मी फ्रेंच गृहस्थाला सांगितलं. तो शिंकला.

पहिलं द्वार मी चढलो. पायऱ्या अरुंद, ओल्या, आणि एकीची उंची दुसरीशी जुळेल तर शपथ. कठड्याच्या साखळ्यांना यात्रेकरूंनी लावलेली शेकडो कुलपं. दुसरं द्वारही चढलो. तिथून पुढे पाय हलके झाले. फारच हलके. घाम थंड पडला, कानात शिटी वाजू लागली, आणि मग भुवयांच्या मध्ये पांढराशुभ्र प्रकाश उमलला. पाकळ्या, पाकळ्यांत पाकळ्या. सोनेरी फूल! ज्याला तेरा वर्षं लागतात ते मी एका हंगामात आणलं होतं. मी त्या मुलीचा हात धरून ओरडलो, "दिसलं! लाइट दिसला!"

तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मला पायरीवर बसवलं, डोकं गुडघ्यांत घालायला लावलं आणि पाठीवरच्या पिशवीतून चॉकलेट काढून माझ्या तोंडात कोंबलं. मी विरोध केला. त्यात गव्हाचा अंश होता. तिने दुसरं कोंबलं. पाच-सात मिनिटांत ज्ञान ओसरलं.

खाली न्यायला दोन पालखीवाले आले. दोन बांबू, मध्ये खुर्ची. त्यांनी मला आधी डोळ्यांनी तोललं, मग एकमेकांकडे बघितलं, मग आकडा सांगितला. मी घासाघीस करायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं की जीभ अजून टाळूला लावलेली आहे. वर चढणारे यात्रेकरू बाजूला होऊन वाट देत होते. एका आजीबाईंनी हात जोडले. पुढचा पालखीवाला दर पन्नास पायऱ्यांनी काहीतरी म्हणायचा आणि मागचा खो खो हसायचा. मुलीला अर्थ विचारला तर म्हणाली, सर, ते पायऱ्या मोजतायत.

पायथ्याच्या दवाखान्यात दाब मोजला. शंभराच्या खाली. जेवणाची चौकशी झाली, गोळ्यांची झाली, आणि मग डॉक्टरांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी ओळखतो. पाणी संपलेल्या बॉयलरखाली आग चालू ठेवणाऱ्या फायरमनकडे मी तशीच नजर टाकत असे. भात लिहून दिला.

*

संध्याकाळी शिफू स्वतः पेजेचा वाडगा घेऊन आले आणि खाटेच्या कडेला बसले. रागावले नाहीत. त्यांनी मला वेइ पोयांगची गोष्ट सांगितली. 'त्सानथुंग छी' हा किमयेचा आद्यग्रंथ ज्याच्या नावावर आहे तो हा सिद्ध. त्याने डोंगरात अमृतगुटिका केली, आधी पांढऱ्या कुत्र्याला दिली, कुत्रा मेला. मग स्वतः खाल्ली, तोही मेला. एका शिष्याने विश्वासाने खाल्ली, तो पण आडवा. उरलेले दोघे म्हणाले, हे काही खरं नाही, आणि शवपेट्या आणायला गावात गेले. ते गेल्यावर वेइ पोयांग उठून बसला, कुत्र्याला आणि शिष्याला उठवलं आणि तिघे अमर होऊन निघून गेले. जाताना वाटेत भेटलेल्या लाकूडतोड्याच्या हाती त्या दोघांना आभाराची चिठ्ठी पाठवली.

मी म्हणालो, मी त्या शवपेट्या आणणाऱ्यांपैकी, असंच ना?

नाही, शिफू म्हणाले. तुम्ही गुटिका दोनदा तपासून, पावती घेऊन, मग कुत्र्याच्याही आधी खाल्ली असती.

मग म्हणाले, तुमच्या पोटात आग आहेच. ती लावायची नसते. तुम्ही फक्त पंखा बंद करा.

उरलेले दिवस मी पंखा बंद करायचा प्रयत्न केला. हे बॉयलर चालवण्यापेक्षा अवघड आहे. नुसतं बसलं की मला संचालक मंडळ आठवतं, उसाची थकलेली एफ.आर.पी. आठवते, बगॅसचा ओलावा आठवतो. एकदा मात्र, वही खोलीवर राहिली होती तेव्हा, थोडा वेळ बेंबीखाली खरंच ऊब आली. मी लगेच 'आली!' म्हणालो आणि ती गेली.

घरी आल्यावर लोक विचारतात, मग मिळालं का अमरत्व? त्यांना मी छ्यू छूचीचं उदाहरण देतो. हा छ्वेनचन शाखेचा मोठा गुरू. चेंगीजखानाने त्याला बोलावून घेतलं. सत्तरी ओलांडलेला हा माणूस चीनहून मध्य आशिया तुडवत 1222 मध्ये हिंदुकुशाकडच्या छावणीत पोचला. खानाने पहिल्याच भेटीत विचारलं, अमर होण्याचं कुठलं औषध आणलंय? छ्यू छूचीने सांगितलं, आयुष्य राखायचे उपाय आहेत, अमर करणारं औषध नाही. अर्ध्या जगाचा थरकाप उडवणाऱ्या माणसासमोर, त्याच्याच तंबूत. खान खूश झाला, त्याने गुरूचा मान ठेवला. पुढे दोघेही 1227 च्या उन्हाळ्यात, महिनाभराच्या अंतराने गेले. ज्या पंथावर आपण भोंदूपणाचा संशय घेतो त्याच्या प्रमुखाने हे तोंडावर सांगितलं होतं, आणि त्या भेटीचं पुस्तक मी विमानतळावर विकत घेऊन परतीच्या प्रवासात वाचलं.

विद्या खोटी नाही, असं माझं मत झालंय. आठशे-हजार वर्षं शहाणी माणसं ज्यात रमली ती गोष्ट माझ्या शेंगदाण्यांवरून मोडीत काढता येणार नाही. रोज सकाळी मी थोडा वेळ बसतो. दाब बरा आहे, पण त्याचं श्रेय बसण्याला द्यायचं की डॉक्टरांनी बदललेल्या गोळीला, यावर घरात दोन मतं आहेत आणि त्यांतलं एक माझं आहे.

तुमच्यापैकी कुणाला जायचं असेल तर जरूर जा. वूहानहून वेगवान रेल्वे थेट डोंगराच्या पायथ्याच्या भागात जाते. पावसाळी धुकं टाळून शरदात जा. गोळ्या चालू असतील तर उपासतापास डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका, मग ते किडे काहीही अहवाल देवोत. आणि पालखीची वेळ आलीच तर दर बसण्याआधी ठरवा. बसल्यानंतर तो वजनावर ठरत नाही, तुमच्या चेहऱ्याच्या रंगावर ठरतो.